पाटीसमोरचा हात

१

त्या दिवसांत धुकं होतं का, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. माझ्या आठवणीत प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर विमानतळाची धावपट्टी धुक्यात बुडालेली आहे. माझा जुना सहकारी गिल म्हणतो, छे, तेव्हा डोंगरावरून गरम वारं सुटलं होतं आणि निलगिरीची साल रस्ताभर उडत होती. दोघांपैकी एकाचं चुकतंय. माझं वय पाहता ते माझंच असावं. जन्मभर मोजमापं घेतलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते, पण माझ्या आठवणींना मी आता पुरावा मानत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कधी शंका नव्हती. व्हर्नाच्या, माझ्या बायकोच्या अंत्यविधीच्या सकाळी शवपेटी बंद करण्याआधी मला तिच्यापाशी एकटं सोडलं होतं. आजारपणात तिची बोटं इतकी बारीक झाली की लग्नाची अंगठी टिकेना, म्हणून ती बरेच दिवस माझ्याच खिशात असायची. त्या सकाळी मी ती तिच्या डाव्या हातात घातली. सैल बसली. थोडी फिरवून मी ती नीट केली. खालचं बोट मेणासारखं गार होतं. हे मला डोळ्यांनी नाही, माझ्या बोटांनी आठवतं, आणि म्हणूनच पुढे जे केलं ते मी केलं.

२

गोलेटा या आमच्या समुद्रकाठच्या गावात आमच्यासारखी बरीच माणसं आहेत. उष्णता पाहणारी. डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणं टिपणाऱ्या पेशी आम्ही बनवतो. नखाएवढ्या तुकड्यावर लाखो पेशी. त्या तुकड्याला डिटेक्टर म्हणायचं. त्याच्यापुढे माणूस उभा राहिला की काळोखातही तो दिव्यासारखा उजळ दिसतो.

या डिटेक्टरची एक जुनी खोड आहे. तो स्वतः गरम असला की स्वतःच्याच उष्णतेने आंधळा होतो. म्हणून त्याला थर्मासच्या पोटात, शून्याखाली जवळजवळ दोनशे अंशांवर ठेवावं लागतं, आणि तेवढा गारठा टिकवणारी मोटर सतत घरघरत असते. मोटर झिजते, वीज खाते, आणि नेमकी हवी तेव्हा बंद पडते. तोच डिटेक्टर जरा उबेत काम करू लागला तर मोटर लहान होईल, वर्षानुवर्षं टिकेल. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं त्या जराशा उबेपायी गेली. ऊब म्हणजे शून्याखाली सव्वाशे अंश. आमच्या धंद्यात तिलाच ऊब म्हणतात.

व्हर्ना माझ्या आधीपासून प्रयोगशाळेत होती. पेशींचा तुकडा आणि त्याखालचा, पेशींचे संकेत वाचणारा तुकडा, या दोन्हींवरचे धातूचे लाखो ठिपके एकमेकांवर तंतोतंत बसवायचे आणि दाबून जोडायचे, हे तिचं काम. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून ती तासन् तास बसायची. पुढे औषधांनी तिला सारखी थंडी वाजू लागली. डोक्याला रुमाल बांधून, दोन स्वेटर चढवून ती यायची.

"एल्डन, हा बिचारा जन्मभर कुडकुडतो आणि तुम्ही सगळे त्याच्याकडून काम करून घेता," ती म्हणायची. "याला तरी ऊब मिळू दे. माझं राहू दे, मला सवय झालीय."

तो डिटेक्टर तिनेच जोडला. तिच्या हातचा तो शेवटचा. सुरू झालेला मात्र तिने पाहिला नाही.

आमच्याकडे एक रीत होती. नवा डिटेक्टर पहिल्यांदा गार झाला की त्याने पहिलं चित्र टिपायचं ते जोडणाऱ्याच्या हाताचं. डावा हात, पाठ कॅमेऱ्याकडे, बोटं पसरलेली. मग ते चित्र भिंतीवर लागायचं. भिंतीवर बहुतेक हात व्हर्नाचेच होते. तिची करंगळी बाहेर वाकलेली. तरुणपणी चेंडू झेलताना मोडली होती. आणि बोटावर अंगठीचा काळा पट्टा. सोनं हातात कितीही तापो, आमच्या कॅमेऱ्याला ते थंडगारच दिसतं. त्यावरून व्हर्ना नव्या लोकांना सतावायची, "जेवणाच्या सुट्टीत अंगठी काढून कुठे जाता ते या भिंतीला कळतं बरं!"

३

डिटेक्टर गार झाला त्या सकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो, मी आणि गिल. गिल आर्मेंता, माझ्याबरोबर वीसेक वर्षं काम केलेला तंत्रज्ञ. त्याने भिंतीकडे पाहिलं.

"डॉक्टर, पहिला हात कोणाचा लावायचा?"

"कोणाचाच नाही."

"मी लावला असता. पण माझे हात बघून बिचारा घाबरायचा."

मी हसलो नाही.

रीत टाळून आम्ही थेट चित्र सपाट करायला घेतलं. हे थोडं समजावून सांगतो, कारण सगळं यावरच आहे. प्रत्येक पेशी जराशी वेगळी असते, म्हणून कच्चं चित्र वाळूसारखं खरखरीत दिसतं. ती खर घालवायला डिटेक्टरपुढे एक काळी पाटी ठेवतात. पाटी सगळीकडे अगदी एकसारखी ऊबदार. मग बटण दाबायचं. बटण यंत्राला सांगतं: आत्ता तुला जे काही दिसतंय ते सगळं सपाट आहे, काहीही नाही, यापुढे ते वजा कर. खर निघून जाते आणि चित्र स्वच्छ होतं.

यात एकच चूक होऊ शकते, आणि ती आमच्यातल्या प्रत्येकाने कधीतरी केली आहे. बटण दाबताना पाटीपुढे काही असेल, समजा कोणाचा हात, तर यंत्र तो हातही वजा करत राहतं. हात निघून जातो आणि चित्रात त्याच्या जागी काळा, थंड हात उरतो. पुन्हा सपाट करेपर्यंत तो जात नाही.

मी बटण दाबलं. गिलने आपला कॉफीचा पेला पाटीपुढे धरला. पडद्यावर पेला झगझगीत उमटला. चित्र स्वच्छ होतं.

पेल्याच्या बाजूला एक काळा हात होता. डावा, बोटं पसरलेला. बोटांची टोकं फिकट, जवळजवळ नसल्यासारखी.

गिलने पेला खाली ठेवला. "तुमचा हात होता का मध्ये?"

"मी इथे बसलोय, गिल."

"माझाही नव्हता."

मी मनात हिशेब मांडला, कारण दुसरं काही मला येत नाही. आत्ता थंड हात दिसतोय, याचा अर्थ बटण दाबलं तेव्हा तिथे ऊबदार हात होता. आणि मी यंत्राला सांगितलं होतं की तिथे काहीही नाही.

४

तो दिवस आम्ही शहाण्या माणसांसारखा घालवला. गिल म्हणाला, जुन्या कॅमेऱ्याची वजाबाकी चुकून यावर चढली असेल. तपासलं, नव्हती चढली. मग कुठल्या चकचकीत कडेवरून प्रतिबिंब आलं असेल. पाटी हलवली, भोवती काळ्या कापडाचं झाकण केलं, झरोके बंद केले. पुन्हा बटण दाबलं. जुना हात गेला आणि नवा आला. थोडा डावीकडे सरकलेला.

डिटेक्टर आम्हाला टप्प्याटप्प्याने उबेत न्यायचा होता आणि प्रत्येक टप्प्यावर नव्याने सपाट करणं भाग होतं. उबेबरोबर खर वाढत गेली. हातही बदलत गेला. पहिल्या टप्प्यावर बोटांची टोकं जवळजवळ नव्हतीच. शेवटच्या महिन्यांत व्हर्नाची बोटं अशीच दिसायची, रक्त टोकापर्यंत पोचायचं नाही. पुढच्या टप्प्यावर टोकं आली. त्याच्या पुढे मनगट आलं, तळव्याचा मांसल भाग आला. आजाराआधीचा हात. डिटेक्टरला जसजशी ऊब मिळत होती, तसतशी त्या हातालाही मिळत होती.

करंगळी बाहेर वाकलेली होती. ते आम्ही दोघांनीही पाहिलं. शेवटी गिल म्हणाला, "माझी आजी म्हणायची, असं काही दिसलं तर आधी नमस्कार घाल, मग विचार कर."

"तुझ्या आजीने डिटेक्टर बनवले होते का?"

"नाही. पण तिने माणसं पुरली होती, डॉक्टर. तुमच्यापेक्षा जास्त."

खोलीत मोटरची घरघर होती. टप्पा वाढला की मोटर हळू चालते, आवाज खाली येतो. त्या घरघरीखाली आणखी एखादा आवाज आहे का, हे मी ऐकत राहायचो. नव्हता. स्वेटरची बाही टेबलाला घासून होतो तसा आवाज मी एकदा ऐकला, पण तो मी स्वतःच केला असेल.

बटणाशिवाय, नुसत्या कच्च्या चित्रातही मी पाहत बसलो. वाळू. त्या वाळूत हात असेलही, दिसण्याजोगा नव्हता. ती तिथे असताना मला दिसणं शक्यच नव्हतं. मी तिला नाकारलं की मगच, ती जिथे होती ती जागा दिसायची.

५

आठवड्याच्या शेवटी गिऱ्हाइकाची माणसं येणार होती. समुद्रात, डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या हेलिकॉप्टरवर हा डिटेक्टर बसायचा होता. शेवटच्या टप्प्यावर, त्या सव्वाशे अंशांच्या उबेत, चित्र डागाशिवाय आलं तर पास. नाहीतर नापासांच्या खणात. त्या खणातलं काही परत कामाला येत नाही. गिल त्यातले तुकडे मुलांना खेळायला वाटतो.

म्हणजे हात राहिला तर व्हर्नाचं शेवटचं काम वाया जाणार. आणि हात गेला तर हात जाणार.

"मला विचाराल तर जाऊ द्या खणात," गिल दाराशी उभा राहून म्हणाला. "वहिनींना राग यायचा नाही."

"ती डोक्याला रुमाल बांधून बसली होती हे जोडायला. उलट्या करून यायची आणि परत बसायची."

"तेच म्हणतोय मी. त्या आल्यात ना बघायला? मग बघू द्या."

"गिल, जेवायला जा."

"तुमच्यासाठी काही आणू?"

"नको."

"आणतोच," म्हणून तो गेला.

भर दुपार होती. बाजूच्या खोलीत कोणीतरी रेडिओवर खेळाचं समालोचन लावलं होतं. मी शेवटचा टप्पा लावला, पाटी नीट केली, बटण दाबलं. हात आला. पूर्ण, मनगटाच्याही वर, स्वेटरच्या बाहीच्या कडेपर्यंत.

मग मी माझा डावा हात पाटीपुढे नेला. रीतीप्रमाणे, पाठ कॅमेऱ्याकडे. पडद्याकडे बघत बघत तो त्या काळ्या हातावर आणला. माझा हात उजळ, तिचा काळा. एकावर एक आले की दोन्ही विझतात आणि मागची करडी पाटी दिसू लागते. माझा पंजा मोठा म्हणून सभोवार उजळ किनार राहिली. मधला तळवा भरून गेला. मी किती वेळ तसा उभा होतो, माहीत नाही. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. तिच्या आजारपणात तिचे हात माझ्या हातांत धरून मी असाच बसायचो, गरम होईपर्यंत. व्हायचे नाहीत. आणि आता ज्या जागेवर माझा हात होता, तिथला तो हात माझ्याइतकाच ऊबदार होता. वजाबाकी खोटं सांगत नाही.

तेव्हाच माझं लक्ष माझ्या अंगठीकडे गेलं.

माझ्या बोटावर अंगठीचा काळा पट्टा होता. वजाबाकीत सगळं उलटं दिसतं, म्हणून तिच्या हातात अंगठी असती तर काळ्या हातावर तिथे उजळ पट्टा असायला हवा होता. मी हात काढून घेतला. भिंतीवरची चित्रं पाहिली, पुन्हा पडदा पाहिला. करंगळी तीच. सांधे तेच. अनामिका मुळापासून टोकापर्यंत काळी, अखंड.

अंगठी नव्हती.

६

आता हे लिहिताना मी स्वतःला विचारतो, त्या क्षणी मला काय वाटलं? भीती वाटायला हवी होती. मला वाटतं, मला राग आला. मी तिच्या बोटात अंगठी घातली होती. स्वतः, या बोटांनी. मग हा जो कोणी माझ्या बायकोचा हात लावून, तिची करंगळीसुद्धा वाकवून माझ्यापुढे आला होता, तो नेमकं तेवढं विसरला होता. की तो हात माझ्याच डोक्यातून आला होता, आणि माझ्या दुःखी डोक्याने तपशिलात चूक केली होती? दोन्ही शक्यतांत ती व्हर्ना नव्हती. असा माझा तर्क होता. त्यात मला अजूनही चूक सापडत नाही. चूक गृहीत धरलेल्या गोष्टीत होती.

मी मोठ्याने म्हणालो, "तू ती नाहीस."

रेडिओवर लोक ओरडत होते.

"तू ती नाहीस. माझ्याशी असा खेळ करू नकोस. बाजूला हो."

पडद्यावरचा काळा हात विझला.

मी काहीही केलं नव्हतं. बटणावर बोट होतं, पण दाबलेलं नव्हतं. पाटीपुढे काही नव्हतं. मी डोळ्यांनी पाहत होतो, काळं कापड आणि काळी पाटी. पडदा मात्र सपाट, करडा, स्वच्छ झाला होता. उमगायला मला एक क्षण लागला. काळा हात विझतो तो फक्त एकाच कारणाने: त्याच जागी, तंतोतंत त्याच जागी, ऊबदार हात येऊन टेकतो तेव्हा. किनारसुद्धा राहिली नव्हती. लाखो ठिपके एकावर एक बसवणाऱ्या माणसालाच ते जमावं.

मग तो हात हलला. त्या करड्या सपाटीतून एक उजळ हात हळूहळू सुटा झाला, आणि मागे काळा हात पुन्हा उघडा पडला. पहिल्यांदाच मी जागा पाहत नव्हतो, हात पाहत होतो. बोटं जराशी मिटली. कोणी आपल्याला ओळखलं नाही म्हणजे माणूस पुढे केलेला हात कसा मागे घेतो, तसा तो चित्राच्या कडेकडे सरकला. कडेशी थोडा थांबला. मागे खांद्याची असावी अशी एक उजळ रेघ आली, मान वळावी तशी हलली, आणि गेली.

मी बटण दाबलं.

चित्र निर्मळ आलं. एवढ्या उबेत इतकं निर्मळ चित्र मी त्याआधी किंवा नंतर पाहिलं नाही.

गिल परत आला तेव्हा माझ्यासाठी मांसाचं गरम सँडविच घेऊन आला होता. पडद्याकडे पाहून त्याने टोपी काढली.

"गेल्या?"

"ती नव्हती, गिल."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग सँडविच माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "खाऊन घ्या. गार होतंय."

७

डिटेक्टर पास झाला. उत्तरेकडच्या कुठल्याशा किनाऱ्यावर तो गेला, आणि ऐकिवात आहे की त्याची मोटर वर्षानुवर्षं बंद पडली नाही. मी निवृत्त झालो. त्यानंतर कितीदा तरी, डोळ्यांची तपासणी करताना, गाडीची काच पुसताना, मी डावा हात समोर धरून वाट पाहिली आहे. काही होत नाही. मला समाधान होतं ते एवढंच: ती नव्हती. मी कोणा परक्याला घालवलं.

गेल्या वसंतात व्हर्नाची थोरली बहीण ओपल आजारी म्हणून मी तिच्या गावी, लोम्पोकला गेलो. ती नव्वदीला टेकली आहे, पण जिभेची धार गेलेली नाही.

"अजून गाडी चालवतोस? आंधळा झालास तरी चालवशील," ती म्हणाली. मग उशीखालून रुमालाची एक पुरचुंडी काढली. "हे घेऊन जा. माझ्यामागे मुलं विकून टाकतील."

आत अंगठी होती.

"ही कोणाची?"

"कोणाची म्हणजे? व्हर्नाची."

"ती तिच्याबरोबर गेली. मी घातली होती, ओपल. मी एकटाच होतो तिथे."

"एकटा कुठला? मी दारात उभी होते की. घातलीस तू. मग तिचा हात धरून कितीतरी वेळ बसलास. आणि मग काढलीस."

"मी का काढीन?"

"मला काय विचारतोस? तूच म्हणालास." ओपलने डोळे मिटून घेतले. "म्हणालास, 'सोनं फार गार असतं, ओपल. तिला थंडी वाजेल.' आणि माझ्या हातात दिलीस."

मी अंगठी खिडकीपाशी नेली. चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. आतल्या बाजूला आमच्या दोघांची आद्याक्षरं होती. बाहेरच्या कडेवर एक बारीक ओरखडा होता, व्हर्नाच्या हातून कामावर चिमटा निसटला होता त्याचा. अंगठी तिचीच होती.